उलटी अक्षरं

बैठकीला भाऊकीतली माणसं जमायला लागली तेव्हा कस्तुराबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. शेजारी तिची धाकटी जाऊ रुख्मिणी वांगी चिरत होती. सकाळपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखं होतं ते आठ दिवसांत बोलून झालं होतं, आणि उरलेलं आता ओसरीवर निघणार होतं.

रिठदच्या देशमुखांच्या घरात सुनांना बैठकीत उभं करायची रीत नव्हती. मानमोडीच्या तापाच्या साथीत घरातला धाकटा मुलगा रामकिसन गेला आणि रुख्मिणी सतराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हाही तिचं पुढं काय करायचं ते पुरुषांनी बाहेर ठरवलं आणि तिला चुलीपाशी कळवलं. पण यंदाचं प्रकरण घरात राहिलं नव्हतं, गावाच्या तोंडी गेलं होतं.

त्याचं मूळ वाशीमला होतं. दसऱ्यानंतर बालाजीच्या जत्रेला दोघी जावा आणि रुख्मिणीची आठ वर्षांची पंचफुला अशा तिघी रुख्मिणीच्या मावशीकडं जाऊन राहिल्या होत्या. जत्रेच्या मैदानात सैफुद्दीनचा सिनेमाचा तंबू लागला होता. तंबूच्या मधोमध पडदा. पुरुष पुढून बघायचे, बाया मागून. मागून चित्र तसंच दिसे, अक्षरं मात्र उलटी दिसत. तेव्हा सिनेमातली माणसं बोलत नसत. मधेमधे पडद्यावर अक्षरं उमटत आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायला एक जण ठेवलेला असे. पुरुषांकडं लखीराम मास्तर वाचायचा. ढोलकी-पेटीच्या गलक्यात त्याचा आवाज पडद्याच्या अलीकडं येत नसे. बायांचं दार सैफुद्दीनची बायको सुलतानबी सांभाळायची. तिला उर्दू वाचता येई, मराठी नाही. मग ती चित्र बघून मनानंच काहीबाही सांगे आणि बाया कंटाळून पोरांना पाजत बसत.

पहिल्याच संध्याकाळी रुख्मिणीनं शेजारच्या दोघींना हळूच दोन ओळी वाचून दाखवल्या. उलटी अक्षरं तिनं मनातल्या मनात सरळ केली होती. सुलतानबीच्या कानावर ते पडलं. तिनं रुख्मिणीचा हात धरला, पुढं नेऊन मोडक्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बेटी, इथून वाच. सगळ्याइले ऐकू जाऊ दे."

कस्तुराबाईनं त्या दिवशी आपल्या जावेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. घरात रुख्मिणी पदराआडून बोलायची, तेही विचारलं तर. चातुर्मासात सासऱ्यांना पोथी वाचून दाखवायची, तो आवाज निराळा, खाली मान घातलेला. इथं तिचा आवाज तंबूच्या मागच्या कनातीपर्यंत गेला. पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी बाया दुपारपासून रांगेला लागल्या. पाटलीणबाई, विणकराच्या लेकी, बुरख्यातल्या मोमीनपुऱ्याच्या बाया, तांड्यावरच्या घागरेवाल्या, सगळ्या एका सतरंजीवर. कस्तुराबाईला आधी अंग चोरून बसावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी एका लमाणीण म्हातारीनं तिच्या मांडीवर हात टेकून डोळे पुसले, तेव्हा तिनं तो हात काढला नाही.

खेळ एकाच बाईच्या कहाणीचा होता. संशयावरून नवरा बायकोला घराबाहेर काढतो. गावात कुणी दार उघडत नाही. एक मुसलमान विणकरीण तिला आपल्या घरात घेते. दोघी मिळून माग चालवतात, कापड विकतात, त्यांचं बरं चालतं. शेवटी नवरा गाठोडं घेऊन दाराशी येतो. बायको खाली वाकते. मग अक्षरं येतात, "स्वामी, मी आपल्या पायांची दासी. मला पदरात घ्या."

सात दिवस रुख्मिणीनं तसंच वाचलं. सातही दिवस ती ओळ आली की बाया उसासा टाकून उठत आणि चपला शोधत. आठव्या दिवशी, त्यांच्या मुक्कामातल्या शेवटच्या खेळाला, पडद्यावरची बाई वाकली, अक्षरं उमटली आणि रुख्मिणी क्षणभर थांबली. मग तिनं वाचलं, "हे घे तुहं गाठोडं. आला तसा जाय. मी माह्या हातचं खातो आता."

या वेळी चपला शोधायला कुणी उठलं नाही. मग कुणीतरी मागून म्हणालं, "खरं हाय." पडद्यावरची बाई खरंच गाठोडं उचलायला वाकल्यासारखी दिसत होती. कस्तुराबाईला वाचता येत नव्हतं, तरी हे तिथं लिहिलेलं नाही हे तिला कळलं. रुख्मिणीच्या मानेवरून कळलं.

परत येताना बैलगाडीत तिनं विचारलं होतं, "रुख्मे, ते तसंच लिवलं होतं का वो?"

"नाही बाई," रुख्मिणी म्हणाली होती आणि पुढं काही बोलली नव्हती.

आठवडाही झाला नाही तोच गावच्या सोनीबाईला न्यायला तिचा नवरा आला. सोनीबाई अंगावर डागण्या घेऊन माहेरी आलेली. चावडीसमोर चार माणसांदेखत तिनं नवऱ्याचं गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं आणि तीच वाक्यं म्हटली. त्यानं विचारलं हे कुठून शिकली. ती म्हणाली, वाशीमच्या खेळात. गावातल्या पुरुषांनीही तोच खेळ बघितला होता, त्यात असलं काही नव्हतं. दोन दिवस घराघरात नवरा-बायकोची जुंपली, की खेळात काय होतं, आणि बायांकडं वाचणारी रुख्मिणी होती हे बाहेर आलं. मग कस्तुराबाईचा नवरा उकंडराव वाशीमला गेला, लखीराम मास्तरकडून कहाणीचं छापील पत्रक घेऊन आला आणि बैठक बोलावली.

हाक आली. दोघी जावा पदर पुढं ओढून मधल्या दाराशी उभ्या राहिल्या.

ओसरीवर सासरे दौलतराव भिंतीला टेकून बसले होते. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे दह्यासारखे पांढरे झालेले. शेजारी भाऊकीतले दोघं म्हातारे, आणि खांबाशी सासू तुळसाबाई वाती वळत. उकंडराव उभाच होता. त्यानं पत्रक वाचून दाखवलं, दासी आणि पदर त्यात होतं तसं. मग तो बोलत सुटला. घराण्याची अब्रू, सोनीबाईच्या सासरच्यांचे शिव्याशाप, आणि पंचफुलासाठी मेडशीच्या स्थळाशी चाललेलं बोलणं. तिथवर ही गोष्ट गेली तर कोण या घरची पोरगी करणार, असं त्याचं म्हणणं. तो ओरडत नव्हता. कस्तुराबाईला त्याच्या ओरडण्यापेक्षा या बोलण्याची जास्त भीती वाटायची.

रुख्मिणीनं भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचं नव्हतं, म्हणून त्यानं आईला सांगितलं, विचार तिला. तुळसाबाईनं विचारलं. आणि विचारता विचारताच वाट दाखवली, "अक्षरं उलटी दिसत होती म्हनते ना? मंग वाचता वाचता चुकली असशीन."

एवढं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक म्हातारा मान डोलवूही लागला होता. रुख्मिणी बोलायच्या आत उकंडराव बायकोकडं वळला.

"तू होती ना तिथं? मंग तूच सांग. चुकली का मुद्दाम वाचलं?"

कस्तुराबाईला पुढं आयुष्यभर आठवायचं ते हेच, की त्या घटकेला तिच्या मनात भीती एकटी नव्हती. भीती तर होतीच. लग्नाला बारा वर्षं झाली, कूस उजवली नव्हती, आणि उकंडराव दर वर्षी दुसरी करायची गोष्ट काढायचा. हात तर कधीही उठायचा. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. पंचफुला रात्री तिच्या कुशीत झोपायची. पंचफुलाची वेणी तीच घालायची. रुख्मिणी नसली तर, असा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिनं तो हाकलला नाही.

"मुद्दाम," ती म्हणाली. "मले गाडीत सांगतलं तिनं."

रुख्मिणीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

उकंडरावनं पुढचं विचारलं. तंबूवाल्याच्या बायकोच्या हातचं खाल्लं-प्यायलं का? खाल्लं होतं. आठही दिवस सुलतानबीनं दोघींना गुळाचा चहा दिला होता. पहिल्या दिवशी कस्तुराबाईनं नाक मुरडलं, तिसऱ्या दिवसापासून तीच आधी कप पुढं करायची.

"चहा प्याली," रुख्मिणी सासूकडं बघून म्हणाली. "मी एकटीनंच. जाऊबाईनं नाही घेतला."

कस्तुराबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. तो तिनं गिळला.

भाऊकीतले म्हातारे प्रायश्चित्ताचं बोलू लागले. एकानं सुचवलं की शुद्ध करून घ्यावी, चार महिने शेतातल्या गोठ्यावर ठेवावी, लोक विसरतील. उकंडरावला ते पुरेसं वाटत नव्हतं, पण बैठकीचा कल तिकडं झुकत होता. एवढ्यात दौलतरावांनी हात वर केला. सगळे थांबले.

"रुख्मिणी, इकडं ये," ते म्हणाले.

ती पुढं होऊन बसली. हे अक्षर या घरात आलं ते त्यांच्याच गरजेनं. डोळे जाऊ लागले तेव्हा त्यांनीच रामकिसनला सांगितलं होतं, बायकोला वाचायला शिकव, पोथीची सोय होईल. तेव्हापासून दर चातुर्मासात ती वाचत होती आणि ते ऐकत होते. लोक म्हणत, म्हाताऱ्याचे डोळे म्हणजे ही सून.

"खेळाचं मले काही नाही," दौलतराव म्हणाले. "खेळ खोटाच असते. मले पोथीचं सांग. तू मले इतके वर्स वाचून दाखवली. ते तरी होतं तसं वाचलं का?"

वाती वळणारे तुळसाबाईचे हात थांबले.

कस्तुराबाई मनात म्हणत होती, हो म्हण, बाई, एवढं तरी हो म्हण.

"एक अध्याय सोडत होती," रुख्मिणी म्हणाली. "राजा आपल्या पोराले सोताच्या हातानं सरनावर ठेवते, तो."

दौलतरावांचा चेहरा हलला नाही. रामकिसनला अग्नी देताना त्यांना दोघांनी धरून ठेवावं लागलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"दर साली?"

"दर साली, मामाजी."

"मले वाटे," ते हळू म्हणाले, "तिथं आलं का माहाच डोया लागत असन. दर साली वाटे, का आपन म्हातारे झालो, झोपलो. देवाची माफी मागत होतो मी."

तेव्हा तुळसाबाई बोलली. घरात रुख्मिणीला सगळ्यात जास्त टाकून बोलणारी तीच. ती म्हणाली, "तिले बोलू नोका. मीच सांगतलं होतं, तो अध्याय वाचू नोको म्हनून."

ते खरं होतं की नाही हे कस्तुराबाईला कधीच कळलं नाही. पण त्यानं सगळं बिघडलं. म्हाताऱ्याला वाटलं, घरातल्या बायांनी मिळून आपल्या आंधळेपणाचा खेळ केला. दयेपोटी केलेली फसवणूक त्यांना दुसऱ्या कोणत्याही फसवणुकीपेक्षा जास्त लागली. ते उठून उभे राहिले. उकंडराव हात द्यायला धावला, त्याचाही हात त्यांनी झटकला.

"हे माह्या घरात नोको," ते म्हणाले. "जाऊ द्या तिले. पोरगी रामकिसनची हाय. ते राहीन."

रुख्मिणीनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग आत गेली, दोन लुगडी गुंडाळली. पंचफुला परसात गोठ्याशी खेळत होती, तिला बाहेर आणू दिलं नाही. दारातून निघताना रुख्मिणी कस्तुराबाईपाशी थांबली.

"तिले रात्री तहान लागते," एवढंच म्हणाली.

ती वाशीमला गेली, मावशीनं दारातून परतवली, आणि सुलतानबीनं ठेवून घेतली. हे गावात तिसऱ्या दिवशी कळलं. उकंडराव म्हणाला, आपण म्हणत होतो ते खरं झालं.

कस्तुराबाईला जे हवं होतं ते मिळालं. पंचफुला तिच्याजवळ झोपायची, तिच्या हातून जेवायची. पण पोरगी रडत नव्हती, आणि ते कस्तुराबाईला सोसवत नव्हतं. आई कुठं गेली हे तिनं एकदाच विचारलं. गावाला, असं सांगितल्यावर परत विचारलं नाही. दिवसा ती अंगणात काडीनं धुळीत अक्षरं काढायची आणि कुणी आलं की पायानं पुसायची. एकदा कस्तुराबाईनं विचारलं, काय लिहिलं. पोरीनं तिच्याकडं नीट बघितलं, आपण सांगितलेलं ही कुठं नेईल याचा अंदाज घेतल्यासारखं, आणि म्हणाली, "काही नाही."

दिवाळी झाली. कापूस वेचणीला आला. एका दुपारी मेडशीचे लोक सुपारी फोडून गेले. लग्न माघात. नवरा मुलगा म्हणून ज्याचं नाव घेतलं त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती आणि त्याच्या मिशांत पांढरे केस होते. पोरीला लग्नानंतर लगेच न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. घरात कामाला माणूस नाही. उकंडरावनं कबूल केलं. कस्तुराबाईनं पाण्याचे तांबे भरताना ते ऐकलं. त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, पोरगी लहान आहे, दोन वर्षं थांबा. त्यानं भरलेलं ताट भिंतीवर फेकलं. तिनं भिंत पुसली.

तंबू वाशीमहून हलला आणि गावावरूनच रिसोडला गेला. तिथं तीन दिवस खेळ, मग पैनगंगा उतरून पल्याड मोगलाईत, निजामाच्या राज्यात जाणार, असं बाजारकरी सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव रानात गेल्यावर कस्तुराबाईनं पंचफुलाची वेणी घातली. सासूला सांगितलं, पोरीला घेऊन वेचणीला जाते. तुळसाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग कोनाड्यातली गुळाची ढेप फोडून मोठा खडा पोरीच्या हातावर ठेवला आणि तोंड फिरवून वाती वळायला बसली.

कापसाच्या गाडीवर बसून, थोडं पायी, अशा दोघी दुपार कलल्यावर रिसोडच्या बाजारतळावर पोचल्या. तंबू उभा होता. रुख्मिणी आणि सुलतानबी खेळाआधी बादलीनं पडद्यावर पाणी मारत होत्या. पडदा ओला असला की मागच्या बायांना चित्र स्वच्छ दिसतं. रुख्मिणी वाळली होती, पण ताठ उभी होती. डोक्यावर पदर होता, चेहऱ्यावर नव्हता.

पंचफुला धावली नाही. जागीच उभी राहून तिनं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हळूहळू चालत गेली, आईच्या पोटाशी तोंड खुपसलं आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. कस्तुराबाई दुसरीकडं बघत राहिली.

मेडशीचं तिनं थोडक्यात सांगितलं. रुख्मिणीनं ऐकून घेतलं. तिनं आभार मानले नाहीत, झाल्या गोष्टीला माफीही दिली नाही. फक्त विचारलं, घरी कुणाला ठाऊक आहे. सैफुद्दीन ओलं सामान आवरत होता, तो म्हणाला की आजचा खेळ होऊ दे, गाड्या रात्रीच भरतो, पहाटे नदी उतरू. पल्याड गेल्यावर देशमुखाचा हात पोचायचा नाही. सुलतानबीनं कस्तुराबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"तुमी बी चला," ती म्हणाली. "एका ताटात दोघी जेवतात, तिसरी बी जेवन."

कस्तुराबाईनं क्षणभर तंबूकडं बघितलं. आत सतरंज्या अंथरल्या जात होत्या.

"मी घरी गेली नाही त ते दिवेलागनीलेच घोडं काढतीन," ती म्हणाली. "आधी इथंच येतीन. मी घरी असली त आधी मले इचारतीन."

तेव्हा रुख्मिणीनं तिच्याकडं बघितलं. बैठकीनंतर पहिल्यांदा.

"बाई, तो तुले मारन."

"हो," कस्तुराबाई म्हणाली.

सुलतानबीनं चहा आणला. कस्तुराबाईनं तो सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायला, कप पालथा घातला आणि निघाली. पंचफुलाचा निरोप घेतला नाही. घेतला असता तर पाय उचलले नसते. परतीला एक तेल्याचा टांगा मिळाला म्हणून सूर्य बुडता बुडता ती रिठदला पोचली.

उकंडराव दारातच बसला होता. तिच्या मागं कुणी नाही हे त्यानं बघितलं.

"पोरगी कुठं हाय?"

ती उत्तर न देता आत गेली. न्हाणीत जाऊन सावकाश हातपाय धुतले, चिमणी लावली, तुळशीपुढं ठेवली. ओसरीवर सासरे कान देऊन बसले होते. सासू खांबाला टेकून होती. उकंडराव तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि त्यानं तेच परत विचारलं, या वेळी जास्त हळू.

कस्तुराबाईनं त्याच्या पाठीमागचं मधलं दार आपल्या हातानं लोटून घेतलं आणि कडी लावली, म्हणजे पुढचा मार म्हाताऱ्यांना ऐकायला लागणार नाही. गाड्या पहाटे नदी उतरणार होत्या. तोवर तिला बोलायचं नव्हतं.